रॉड फुकट मिळाला, पण…

मायच्या खुब्याच्या ऑपरेशनला आमचा एक रुपयाही लागला नाही, असं गावात सगळे सांगतात. ते खरंच आहे. रॉड, स्क्रू, भूल, खाट, सगळं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मायला पुन्हा पायावर उभं केलं, हे उपकार मी विसरणार नाही.

पण तेव्हा लोहा तालुक्यात सोयाबीन काढणीला आलं होतं. वहिनी मायजवळ नांदेडला राहिली. आमचं रान गुत्त्यानं काढायला द्यावं लागलं आणि दुसऱ्याच्या रानातून वहिनी जी मजुरी आणायची, तीही बुडाली. भाऊ एसटीनं डबा घेऊन ये-जा करायचा. घरी आल्यावर वॉकर आला, कमोडची खुर्ची आली, व्यायाम शिकवणाऱ्याची फी आली. माय धडपणे चालू लागेपर्यंत घरातली एक कमावती बाई तिच्या खाटेपाशी अडकली. तिचा बुडालेला रोज सरकारनं मांडला नाही आणि आम्हीही नाही.

वॉर्डात एका तरुण डॉक्टरनं मायला विचारलं, "आजी, याआधी काही मोडलं होतं का?"

"मनगट मोडलं होतं की. प्लास्टर घातलं, बसलं."

"आणि पिशवी काढलीय का?"

"हौ. पोरं ल्हान होती तवाच."

मग त्यानं आम्हाला नीट समजावून सांगितलं. गर्भपिशवीबरोबर मायची बीजांडंही काढलेली होती. ती गेली की हाडं सांभाळणारं इस्ट्रोजेन एकाएकी आटतं. पाळी वयानुसार पन्नाशीच्या आसपास जाते, तेव्हा सुरू होणारी झीज मायच्या अंगात तिशीतच सुरू झाली. मनगट मोडलं ती पहिली खूण. पाठीला आलेला बाक ही दुसरी. मणके दबत होते आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. मनगटाला प्लास्टर घालणाऱ्यानं हाडाच्या ठिसूळपणाचा विषयही काढला नव्हता.

माय तरुणपणी ऊसतोडीला जायची. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या वेळी चर्चा झाली ती खासगी दवाखान्यांची आणि कामावर खाडा झाला की मुकादम लावत त्या दंडाची. या बायका साठीला पोचतील तेव्हा त्यांच्या हाडांचं काय होईल, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. मला राहून राहून तोच घोर लागतो. कारण आताच विष्णुपुरीत हिंगोली-परभणीपासून तेलंगणापर्यंतची माणसं येतात, लातूरच्या शासकीय रुग्णालयावरही असाच भार आहे. मोडलेला खुबा खाट अडवतो, ऑपरेशन थिएटर अडवतो आणि इतकं करूनही वर्षभरात पाचातला एक तरी म्हातारा जीव जातो, असं जगभरचे अभ्यास सांगतात.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी पद्धत सुरू झाली: पन्नाशीपुढचं माणूस हाड मोडून आलं, की प्लास्टर झाल्यावर त्याला तसंच घरी जाऊ द्यायचं नाही. हाडांची घनता तपासायची, औषध सुरू करायचं, पुढेही पाठपुरावा ठेवायचा. एका ऑपरेशनच्या खर्चात या औषधाच्या गोळ्या कितीतरी वर्षं पुरतात. मनगट मोडलं तेव्हाच मायला त्या मिळाल्या असत्या, तर खुबा कदाचित वाचला असता.

आता ती आठवड्याला एक गोळी घेते. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहा लांबतो म्हणून कुरकुरते. "उगं कशाला पैसे घालायलाव माझ्यावर?" असंही म्हणते.

वहिनीची पिशवीही चाळिशीच्या आत काढली आहे. तिची हाडांची तपासणी लातूरला करून घेऊ, असं मी ठरवलं. ती म्हणाली, "हरभरा निघू द्या, मग बघू." मी भावाला सांगितलं की हरभऱ्याला माणसं लाव, मजुरी मी देते. तपासणीची तारीख घेऊन ठेवली आहे.