सबब

श्रावण लागला की मी पेणच्या शाळेत रोज उशिरा पोचायचो. घरी गणपतींचा कारखाना. मूर्तींना पांढरा हात मारून झाल्याशिवाय काकी डबा देत नसे. हे सांगू लागलो की गुरुजी म्हणत, "सबबी सांगू नकोस," आणि बाकावर उभं करत. त्याच गुरुजींनी आठवीत संयुक्त वाक्य शिकवताना फळ्यावर लिहिलं: 'पाऊस फार पडला, सबब सहल रद्द झाली.' सबब म्हणे परिणामबोधक उभयान्वयी अव्यय. म्हणून, यास्तव, तस्मात यांच्या पंगतीतलं. आम्ही फिदीफिदी हसलो. ज्या शब्दापायी रोज छडी खाल्ली, तो व्याकरणात असा इस्त्रीचे कपडे घालून बसलेला!

शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरात शिरला. अर्थ साधा: कारण. मराठीत मात्र तो दोन वाक्यांच्या सांध्यावर बसला की परिणाम सांगतो, आणि नाम होऊन आला की बहाणा.

पुढे रोह्याच्या एका कचेरीत कारकून झालो. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा अशी रोजची गाडी. (रोहा स्टेशनही उभयान्वयीच. मध्य रेल्वे तिथे संपते आणि कोकण रेल्वे तिथून सुरू होते.) कचेरीत 'सबब'ला भारी मान. टिपणीत आधी हकीकत, मग नियम, आणि शेवटचा परिच्छेद 'सबब'नेच उघडायचा. तो लिहिताना मला उगीचच साहेब झाल्यासारखं वाटे.

एका पावसाळ्यात मी लिहिलं, 'दप्तरखान्यात पाणी शिरले, सबब दोन नोंदवह्या गहाळ झाल्या आहेत.' अव्वल कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला आणि 'सबब'भोवती लाल शाईने गोल केला. "भाऊसाहेब, पाण्यानं वही भिजते, गहाळ होत नाही. ही सबब कचेरीतली नाही, शाळेतली आहे."

खरं एवढंच होतं: पाणी शिरलं आणि वह्या सापडत नव्हत्या. त्या 'आणि'च्या जागी 'सबब' मी घातली होती. तेव्हापासून 'म्हणून', 'त्यामुळे' लिहिलं की ते बोटाखाली झाकून वाक्य पुन्हा वाचतो. नुसत्या 'आणि'वर भागत असेल, तर 'आणि'च ठेवतो.

वह्या तिसऱ्या दिवशी सापडल्या. माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होत्या, कोरड्या.