सातपुड्यावरची कॉफी आणि सकाळचा एकच कप

बुलढाणा जिल्हा हा चहाचा मुलूख. शेतातल्या धुऱ्यावर, बसस्थानकावर, कचेरीत, सर्वत्र चहाच. कॉफी आपल्या घरांत आली ती पाहुणचारापुरती. दुधात उकळलेली, जायफळ उगाळून घातलेली. तिचे झाड आपल्याला फारसे कुणाला ठाऊक नसते. ते पाहण्यासाठी थेट कर्नाटकात जावे लागते, असाच सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते आपल्या शेजारीच आहे.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुडा उभा आहे. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच एक भाग. याच रांगेने पूर्वेकडे गेले की अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीचे हे पठार १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस आले, अशी नोंद आहे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले, म्हणून ती कीचकदरा, ही लोककथा त्याहून कितीतरी जुनी. इंग्रजी अमदानीत येथे कॉफीची लागवड झाली आणि आजही चिखलदरा महाराष्ट्रातील कॉफीचे ठिकाण म्हणून ओळखला जातो.

शेगावहून अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा रस्ता आहे. परतवाड्यानंतर घाट सुरू होतो. ज्येष्ठांना सोबत नेणार असाल तर परतवाड्यास अर्धा तास थांबावे, पोट हलके ठेवावे आणि वळणांच्या रस्त्यावर त्यांना पुढच्या आसनावर बसवावे. हिवाळ्यात वर थंडी कडक असते. कानटोपी, पायमोजे आणि रोजची औषधे हाताशी असू द्यावीत. मळ्यातील वाट उताराची असते, म्हणून काठी आणि न घसरणारी पादत्राणे हवीतच.

कॉफीचा मळा प्रथमदर्शनी मळा वाटतच नाही. वर सिल्व्हर ओक आणि आंब्याची सावली, तिच्याखाली पुरुषभर उंचीची, चकचकीत गर्द पानांची झुडपे. उन्हाळ्याच्या तोंडी पाऊस किंवा पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत झाड जाईसारख्या पांढऱ्या फुलांनी भरते. त्या फुलांचे लाल फळ व्हायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणून तोडणी हिवाळ्यात येते. सगळी फळे एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे, लाल असे सारे असते. लाल तेवढेच वेचायचे, तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावे लागते.

ज्या कुटुंबाकडे आम्ही गेलो, तेथे हे काम घरातील सारेच करतात. तरुण मंडळी तोडतात. मग फळे पाण्याच्या टाकीत सोडली जातात. पोकळ, किडकी फळे वर तरंगतात, ती काढून टाकतात. उरलेली जाळीवर पसरून दोन-तीन आठवडे वाळवायची, दिवसभर हलवायची आणि दव पडण्यापूर्वी झाकायची. घरातील वृद्ध आजी सुपात बिया घेऊन फुटक्या, काळ्या बिया निवडत बसतात. पाच-सहा किलो ताज्या फळांतून जेमतेम एक किलो बी हाती येते आणि भाजताना त्यातलेही वजन घटते. चांगली कॉफी महाग का, याचे उत्तर त्या सुपाजवळ मिळते.

‘स्पेशालिटी’ हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. प्रशिक्षित परीक्षकांनी चव, गंध आणि दोष तपासून १०० पैकी ८० किंवा अधिक गुण दिलेल्या कॉफीला ते नाव आहे. प्रत्येक लहान मळ्याकडे असे गुणपत्रक असतेच असे नाही. तेथे आपण चार प्रश्न विचारावेत: तोडणी केव्हाची, फळे लाल असतानाच वेचली का, भाजणी कोणत्या दिवसाची आणि झाड अरेबिकाचे की रोबस्टाचे. अरेबिकात कॅफिन रोबस्टाच्या साधारण निम्मे असते. ज्येष्ठांच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. दुकानातून पूड घेताना वेष्टन वाचावे. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याच्या आसपास चिकोरीही कायद्याने चालते. मात्र तिचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे.

आमच्या घरी प्रश्न चवीपेक्षा गंभीर होता. आईचे वय ८१. संध्याकाळी सहाचा कप हा तिच्या दिवसातला आवडता क्षण. पण रात्री झोप लागेना. दोन-तीनदा उठून अंधारात भिंत धरत ती न्हाणीघराकडे जाई. या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड आणि महिनोन्‌महिने अंथरूण. घरात मत पडले की कॉफी बंदच करावी. आई काही बोलली नाही. पण एकेक आवड काढून घेतल्यावर माणसाजवळ काय उरते, हा प्रश्न तिच्या गप्प बसण्यात होता.

मार्ग मधला निघाला. शरीरात गेलेल्या कॅफिनचा निम्मा भाग निघून जायला सरासरी पाच तास लागतात. काहींना याहूनही अधिक. म्हणजे सहाच्या कपातील निम्मे कॅफिन रात्री अकरालाही अंगात असते. म्हणून कपाची वेळ सकाळी साडेदहाची ठरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाचे कॅफिन ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. गाळून केलेल्या १५० मिलिलिटर कॉफीत ते ८० ते १२० आणि तेवढ्याच चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. तेव्हा दिवसभराचा चहाही हिशेबात धरावा. जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही ही संस्था सांगते, कारण त्यांतील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि कॉफी यांत अर्धा ते एक तास अंतर ठेवावे. कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यास कॉफी कागदी गाळणीतून गाळावी. ते वाढवणारे तेलकट घटक कागदात अडकतात. हृदयाचे ठोके अनियमित असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल, तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

दिवसाला एकच कप प्यायचा, तर तो उत्तम असावा, या विचाराने आम्ही डोंगरावरून पाव किलो अरेबिका आणली. बिया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि लागेल तेवढ्याच दळतो. हातचक्की आई स्वतः फिरवते. बोटांना तेवढाच व्यायाम होतो. संध्याकाळी सहाला आता कोमट दूध असते, जायफळाच्या चिमटीसह. न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर जळतो. आई पूर्वीपेक्षा बरी झोपते.

वृद्धांची काळजी घेताना ‘बंद करा’ हे सांगणे सोपे असते. त्याऐवजी वेळ बदलता येईल का, प्रमाण कमी करून प्रत वाढवता येईल का, हे आधी पाहावे. सातपुड्याच्या माथ्यावर एखादी आजी एकेक बी पारखून सुपात ठेवते. तितक्याच सबुरीने आपणही आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसाची एकेक सवय पारखावी. टाकायची ती टाकावी आणि राखायची ती राखावी.