दोन लहान दांड्या

आषाढात कराडच्या एका गॅरेजात गाडीचा वायपर बदलून घ्यायला थांबले होते. मागच्या शेडमध्ये एक जुनी एमएम ५४० जीप उभी होती. ओली ताडपत्री, ग्रीस, आणि फाटक्या रेक्झिनमधून बाहेर आलेला सीटचा काथ्या. हा वास किती वर्षांनी नाकात गेला! माझ्या वडिलांच्या, आबांच्या, खाकी शर्टाला तो असायचा, शर्ट धुतला तरी असायचा. मिस्त्री म्हणाले, "ताई, बसा की, चहा सांगतो." मी विचारलं, "ही विकायचीय का कुणाला?"

आबा एका सरकारी खात्यात जीप चालवायचे. त्यांची सीजे-थ्री-बी, पेट्रोलवरची, उंच बॉनेटची. पाटणच्या बाजूचे ओढे पावसाळ्यात असे भरायचे की एसटी अलीकडेच उभी राहायची. एकदा मला शाळेला सुट्टी होती म्हणून त्यांनी मागच्या बाकावर बसवून नेलं. पुढे साहेब होते. ओढ्यापाशी आबांनी गाडी थांबवली, पँट गुडघ्यावर दुमडली, काठी घेतली आणि पाण्यात उतरले. पाऊल टाकायचं, अंगाचा भार देऊन बघायचं, मग दुसरं. पलीकडे पोचले आणि येताना जरा वरच्या अंगाने परत आले. साहेब कागदांतून मान वर न काढता म्हणाले, "किती वेळ?" आबा बोलले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा सैल केला, कारण पंख्याने उडवलेलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर गेलं की पेट्रोलचं इंजिन ओढ्यातच बसतं. मग आत येऊन त्यांनी त्या दोन लहान दांड्या ओढल्या, आधी एक, मग दुसरी.

साहेबांच्या बुटांना त्या दिवशी पाणी लागलं नाही. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, बूट आठवतात. राग अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मोठ्या गिअरशेजारच्या त्या दांड्यांपैकी एकीने पुढचं अ‍ॅक्सल जोडलं जातं, दुसरीने लो गिअर लागतो. पुढचं जोडल्याशिवाय लो लागतच नाही, आत तशी अडणीच असते. लोमध्ये चाकांना जोर साधारण अडीचपट मिळतो आणि वेग त्याच हिशेबाने उतरतो. जीप त्या ओढ्यातून माणसाच्या चालीपेक्षा हळू गेली. जाहिरातींत चिखल उडवत झेपावणाऱ्या गाड्या बघते तेव्हा मला ती चाल आठवते. फोर व्हील म्हणजे हळू जाण्याची सोय आहे. ज्याला घाई आहे त्याने डांबरावर राहावं.

आबांना जीपची एक गोष्ट सांगायची राहून गेली. ती मी नंतर वाचली. १९४० साली अमेरिकी लष्कराला नव्या हलक्या गाडीचा नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. मग लष्कराने तेच आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले आणि मोठी कंत्राटं त्यांच्याकडे गेली. बँटमच्या वाट्याला ट्रेलर बनवायचं काम आलं. आपल्याकडे जीप आणणारी कंपनी १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' म्हणून सुरू झाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये पाटीवरचं त्यांचं नाव गेलं. आबांनी हे ऐकून बँटमवाल्यांबद्दल काहीतरी विचारलं असतं. त्या माणसांचं पुढे काय झालं, पगार मिळत राहिला का, असं काही.

गॅरेजातली ती जीप घेताना मिस्त्रींनी मला गाडीखाली झोपवलं आणि बॅटरीच्या उजेडात एकेक दाखवलं. चेसिसला वेल्डिंगची ठिगळं आहेत का. पाट्यांचं एखादं पान तुटलंय का. चेसिस नंबर टीसी बुकाशी जुळतो का. आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर आहे का, कारण कित्येक जुन्या जीपचा तो कधीच काढून टाकलेला असतो. दांडी ओढली की हलते, पुढे मात्र काहीच फिरत नाही. या जीपचा जागेवर होता. सरकारी लिलावात निघालेली गाडी, मधे दोन मालक झालेले. २०२३ च्या १ एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली, म्हणजे आबांच्या पिढीने चालवलेल्या गाड्यांतली एखादी कुठे कामावर उरली असेल तर तीही गेली. ज्या त्याआधीच लिलावात खाजगी हातांत आल्या, तेवढ्या राहिल्या.

मग शिकणं. डांबरावर फोर व्हील लावायचा नाही, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना जखडलेली असतात आणि तो ताण कुठेतरी सुटावा लागतो. मातीत चाक थोडं सरकतं आणि ताण निघून जातो. कडक रस्त्यावर तो जॉइंटवर येतो. दगडांत तिरकी चढवली आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं अधांतरी झाली, तर फोर व्हील असूनही गाडी जागची हलत नाही. सगळा जोर हवेतल्या चाकांकडे पळतो. तिथे अ‍ॅक्सिलरेटर दाबणं व्यर्थ. उतरायचं, चाकाखाली दगड लावायचा.

उतरायची मला सवय लागली. वाट आधी चालून बघते. त्यामुळे मी चालवते कमी, चालतेच जास्त.

कासवरून बामणोलीकडे जाताना सड्यांवर टायरांचे चर दिसतात तेव्हा जीव तुटतो. जांभ्या दगडावर काही बोटं माती, त्यात गेंद, सोनकी, तेरडा, पावसाच्या महिन्यांत सगळा संसार उरकणाऱ्या वनस्पती. एक गाडी हौसेने गोल फिरवली की पाण्याला वाट मिळते आणि पुढच्या पावसात तिथली माती वाहून जाते. खालचा दगड उघडा पडतो तो पडतोच. २०१२ साली कासचं पठार युनेस्कोच्या यादीत गेलं, आसपासचे बरेचसे सडे मात्र त्या यादीत नाहीत. माझी जीप गाडीवाटेवरच राहते. जिथे बैलगाडी गेली नसेल तिथे मी जात नाही. आबांनी हे सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या पुढ्यात मी सड्यावर चाक घालू शकले नसते.

मेमध्ये आत्याला घेऊन त्या बाजूला गेले. नुसतं जीपमध्ये बसवून आणायचं, एवढंच मनात होतं. एका जुन्या वाटेने लोमध्ये उतरत सोंडेच्या टोकाला आलो. खाली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आटलेला, काठांवर लाल मातीचे पट्टे उघडे पडलेले. कोयनेचं पाणी अडलं तेव्हा आबांचं गाव त्यात गेलं हे मला माहीत होतं, घरात एका वाक्यात सांगितलं जायचं तेवढंच. पुढे त्यांनी नोकरी धरली आणि गावाचा विषय कधी काढला नाही. कोयनेची कितीतरी विस्थापित घरं अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. आमच्या घराने तो दावा केव्हा सोडला, का सोडला, ते विचारायला आता आबा नाहीत.

आत्या पदर डोक्यावर ओढून बराच वेळ बघत राहिली. मग बोट करून म्हणाली, "त्या तिथनं गाडीवाट नदीत उतरायची. बाबा पाण्यात पुढं, मागनं बैलं. बैल आधी पाण्यात घालायचा न्हाई, असा दंडक व्हता त्येंचा. माणसानं आधी जायाचं. तुझा आबा सात-आठ वर्साचा आसंल, त्येलाबी काठी घेऊन पुढं चालवायचे."

मी तिला ओढ्याची आठवण सांगितली, साहेबांच्या बुटांसकट. तिने ऐकून घेतलं. नदीपासून घर किती लांब होतं, पावसाळ्यात बाजाराला कसं जायचे, आबा पोहायला कुणाकडे शिकले, हे मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. मधेच तिला शेजाऱ्यांची नावं आठवेनात, तेव्हा चिडली. म्हणाली, पुढच्या मे महिन्यात धाकट्या काकीला आणायचं, तिचं माहेर पलीकडच्या काठाला होतं आणि तिला सगळी घरं ओळीने सांगता येतात.