किल्ली नंतर, कागद आधी!

पंचविशी ओलांडली की ऑफिसच्या कॅन्टीनमधले विषय बदलतात. कालपर्यंत नवा मोबाइल आणि गोव्याचा प्लॅन यावर तावातावाने बोलणारी गँग अचानक ‘कार्पेट’, ‘पझेशन’, ‘ईएमआय’ अशी भाषा बोलायला लागते. वीकेंडला सॅम्पल फ्लॅट बघून आलेल्यांना फॉल्स सीलिंगपासून जिमपर्यंत सगळं पाठ असतं. पण ‘जमीन कोणाच्या नावावर आहे रे?’ असं विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे प्रश्न विचारणं हाच माझा धंदा. पण गेल्या वर्षी पुण्यात स्वतःसाठी फ्लॅट शोधायला लागले, तेव्हा कळलं की बिल्डरच्या एसी ऑफिसात, हातात कोल्ड कॉफी असताना प्रश्न विचारणं सॉलिड अवघड असतं. आपण उगाच संशय घेतोय असं वाटतं. माझ्या पाठीशी बाबांचे 10 लाख होते, त्यांच्या पीएफमधले. म्हणून संकोच बाजूला ठेवला.

त्याला आणखी एक कारण होतं. आई-बाबा ठाण्यात ज्या सोसायटीत 30 वर्षं राहतायत, तिथली जमीन आजही बिल्डरच्याच नावावर आहे. कन्व्हेयन्स झालंच नाही. आता इमारत जुनी झाली, रीडेव्हलपमेंट करायचंय, आणि गाडी तिथेच अडलीय. 2008 पासून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची सोय आहे, म्हणजे बिल्डर दाद देत नसेल तर सोसायटी सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. पण 30 वर्षांचे कागद गोळा करताना कमिटीतल्या काकांच्या नाकी नऊ आलेत. ‘आम्ही तेव्हा विचारलं नाही, तू विचार,’ एवढंच बाबा म्हणाले.

तर मंडळी, मी विचारलेले प्रश्न हे असे.

टोकन किती द्यायचं?

पहिल्या प्रोजेक्टमधला सेल्सवाला म्हणाला, ‘मॅडम, रविवारपर्यंत 20 टक्के भरा, अॅग्रीमेंट नंतर निवांत करू.’ रेरा कायद्यानुसार रजिस्टर्ड अॅग्रीमेंट होण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊच शकत नाही. मी हे सांगितल्यावर त्याचं हसू जरा आखडलं. मग महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून कागद पाहिले. आम्हाला दाखवलेला फ्लॅट अकराव्या मजल्यावर, आणि बांधकाम सुरू करण्याची परवानगी, म्हणजे सीसी, सातव्या मजल्यापर्यंतच! वरच्या मजल्यांचं काय? ‘येईल हो, प्रोसेसमध्ये आहे.’ आम्ही कॉफी संपवली आणि निघालो.

बँक लोन देतेय, म्हणजे सगळं ओके ना?

हा सगळ्यात लाडका गैरसमज. बँक बघते ते तिचं कर्ज बुडणार नाही ना, एवढंच. आपल्या बाजूने बघायला आपला वकील हवा, बिल्डरने सुचवलेला नको. माझ्या वकीलबाईंनी जमिनीचा 30 वर्षांचा सर्च काढायला लावला. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए, मंजूर नकाशा, जमिनीवर कुठला बोजा आहे का, सगळं तपासलं. त्यांची फी ऐकून आधी पोटात गोळा आला होता. पण ती किचन ट्रॉलीच्या खर्चापेक्षा कमी होती!

60 लाखांचा फ्लॅट कितीला पडतो?

घेतला तो दुसऱ्या प्रोजेक्टमधला, अंडर कन्स्ट्रक्शन. बँक या रकमेवर फार तर 80 टक्के देते, म्हणजे 48 लाख. उरलेले 12 आपले. वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख. पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, आणि रजिस्ट्रेशनचे 30 हजार. हे शेवटचे दोन बँकेच्या हिशेबात धरलेच जात नाहीत, खिशातून जातात. शिवाय किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर 1 टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारी आपली, म्हणजे घेणाऱ्याची.

नाव कोणाचं?

इथे घरात खरं वादळ झालं. 2021 पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे. माझे 60 हजार वाचणार होते. बाबांचं नाव जोडलं की सूट गेली. पण पैसे त्यांचे, आणि फ्रीलान्सरला लोन देताना बँकेला भरवशाचा माणूस हवा. त्यात काका, ‘मुलीच्या एकटीच्या नावावर? उद्या लग्न झालं की?’ वकीलबाईंनी गुंता सोडवला. कर्जात सहकर्जदार असणारा माणूस घराचा सहमालक असायलाच हवा असं नाही. पेन्शनवाले बाबा लोनमध्ये आले, घरावर नाव माझं एकटीचं. काकांना उत्तर बाबांनीच दिलं, ‘उद्या लग्न झालं तरी घर तिचंच राहील.’

किल्ली मिळाली की संपलं?

नाही हो! ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का, हे विचाराच. ‘फर्निचरचं काम सुरू करा, ओसी येतोय,’ म्हणत किल्ली हातात ठेवायची जुनी युक्ती आहे. वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड आठवतंय? परवानगी पाच मजल्यांची आणि इमारती त्याच्या कितीतरी वर. लोकांनी पैसे मोजून घरं घेतली, वर्षानुवर्षं राहिले. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि 2014 मध्ये त्या घरांचं वीज, पाणी, गॅस तोडलं गेलं.

सब-रजिस्ट्रार ऑफिसात रजिस्ट्रेशनला गेलो, तेव्हा पंखा बंद होता आणि लाइन लांबलचक. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, पाच मिनिटांत काम खल्लास. नंतर ‘इंडेक्स टू’ हातात आला. एका पानाचा साधा कागद, पण त्यावर माझं नाव. बाबांनी तो तीनदा वाचला आणि ठाण्याला न्यायला दोन झेरॉक्स काढून घेतल्या.

पझेशनला अजून दीड वर्ष आहे. तारीख अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेली आहे. ती चुकली तर रेराखाली व्याज मागता येतं, हेही मी वाचून ठेवलंय. तुम्ही या वीकेंडला सॅम्पल फ्लॅट बघायला जाणार असाल, तर बाल्कनीतून व्ह्यू जरूर बघा. पण त्याआधी महारेरा नंबर मागा, सीसी कुठल्या मजल्यापर्यंतची ते विचारा, आणि उत्तर कागदावर मागा. ‘करू ना मॅडम, बघू ना सर’ हे उत्तर नसतं. तुमच्या प्रश्नावर चिडणाऱ्या माणसाला आयुष्याची कमाई का द्यायची?