करिंथकरांचे तट

मंडळींत तट पडले म्हणजे त्याचा दोष पुढाऱ्यांच्या माथीं मारण्याची चाल आहे. आम्हांस मात्र करिंथकरांची हकीकत वाचून वाटतें कीं, पुष्कळदां पुढारी निर्वैर असतात आणि भांडतात ते त्यांचे कैवारी.

करिंथ हें ग्रीस देशांतील दोन बंदरांचें गजबजलेलें व्यापारी शहर. तेथील मंडळी पौलानें स्थापिली. मागाहून आलेक्सांद्रियाचा विद्वान् वक्ता अपुल्लोस तेथें गेला. लवकरच कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा म्हणवूं लागला. कित्येक तर आपणच तेवढे ख्रिस्ताचे असें सांगूं लागले! (हा शेवटचा तट आम्हांस सर्वांत अवघड वाटतो, त्याच्याशीं वाद तरी कोणी घालावा?) ख्लोएच्या माणसांकडून ही वार्ता समजली, तेव्हां इ. स. ५५ च्या सुमारास पौलानें इफिसाहून पत्र धाडिलें. आपल्या पक्षाची त्यानें पाठ थोपटली नाहीं. क्रिस्प, गायस व स्तेफनाच्या घरचीं माणसें यांखेरीज आपण तेथें कोणाचा बाप्तिस्मा केल्याचें स्मरत नाहीं, हें बरेंच झालें, असा त्याचा भाव आहे. शिवाय सर्वांस त्यानें दुधावरच्या तान्ह्या बाळांत काढिलें. ज्ञानाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या त्या लोकांस हें किती झोंबलें असेल!

पत्राच्या अखेरीस एक लहानशी गोष्ट आहे. तिकडे वाचकांचें लक्ष क्वचितच जातें. अपुल्लोसानें पुन्हा करिंथास जावें म्हणून पौलानें त्याची फार विनवणी केली, पण तो त्या वेळीं जाण्यास राजी झाला नाहीं. लोकांनीं ज्यास प्रतिस्पर्धी ठरविलें, त्यासच पाठविण्यासाठीं पौलाची खटपट. आणि जयजयकार करणारा तट वाट पाहत असतां अपुल्लोस मागें राहतो!

आमच्या लहानपणीं एका खेड्यांतील मंडळींत जुने पाळक व नवे पाळक यांच्या नांवाचे असेच दोन तट होते. दोघे पाळक एकमेकांकडे चहास जात. त्यांचे कैवारी मात्र उपासनेच्या वेळीं सतरंजीच्या दोन टोकांस बसत. पुढें एका मुलीच्या लग्नास अर्धी मंडळी आली नाहीं. ती बिचारी कोणत्याच तटांतली नव्हती.

पौलाच्या पत्रानें करिंथकर शहाणे झाले काय? सुमारें ४० वर्षांनीं रोमच्या मंडळीस त्यांना पुन्हा लिहावें लागलें. या खेपेस त्यांनीं आपल्या वडिलांनाच पदच्युत केलें होतें. क्लेमेंटच्या नांवानें चालत आलेल्या त्या पत्रांत, पौलाचें जुनें पत्र पुन्हा हातीं घ्या, असें त्यांस सांगितलें आहे.