सुकाणूवरचा बंडोपंत

यंदा मे महिन्यात बोट पावसाळ्यासाठी वर ओढली आणि खण रिकामे करायला घेतले. बाकाखालच्या खणात, कुजलेल्या दोरांच्या आणि एका फुटक्या बादलीच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बंडोपंत सापडला. हातभर लांबीचा डबा. मूळचा पांढरा, आता जुन्या स्विचबोर्डासारखा पिवळा पडलेला. एका टोकातून बाहेर आलेला स्टीलचा दांडा आणि वर रबरी बटणं. त्यातलं ‘उजवीकडे दहा अंश’वालं बटण दाबून दाबून पार आत गेलेलं.

बंडोपंत म्हणजे माझ्या पहिल्या शिडाच्या बोटीचा ऑटोपायलट. १९९४ साली मुंबईत मुक्काम करून पुढे निघालेल्या एका परदेशी बोटवाल्याकडून तो घेतला, तोही जुनाच. ऑटोपायलट म्हटलं की लोकांना विमान आठवतं. “म्हणजे बोट आपली आपण जाते?” असं विचारतात. तशी ती जात नाही. या यंत्राला काहीच दिसत नाही. समोर जाळं आहे, मचवा आहे की खडक, त्याला सगळं सारखंच. त्याला कळतो फक्त होकायंत्राचा आकडा. १६५ अंशांवर ठेव म्हटलं की ठेवणार. बोटीचं नाक इकडे वळलं की आतली मोटर दांडा बाहेर ढकलते, तिकडे वळलं की आत ओढते, आणि दांडा अडकवलेला असतो टिलरला, म्हणजे सुकाणू फिरवायच्या लाकडी हातकाठीला. बास, एवढंच. पण दोघांच्या बोटीवर हे ‘एवढंच’ म्हणजे तिसरा माणूस असतो, आणि तो जेवायला मागत नाही.

कुरकुरतो मात्र. घुंई... घुंई... अशी रात्रभर. माझ्या पहिल्या नोकरीतले हेडक्लार्क असेच होते. काम चोख, पण प्रत्येक कागदामागे एक उसासा. नाव तिथूनच आलं. अशी नावं ठेवायची रीत काही मी सुरू केलेली नाही. १९६० साली अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या फ्रान्सिस चिचेस्टरने आपल्या यंत्राचं नाव ठेवलं होतं मिरांडा. एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या बोटीवर ‘ॲडमिरल’ होता. ती यंत्रं विजेवर चालायची नाहीत. वाऱ्यात फिरणारं एक पातं सुकाणूला जोडलेलं असायचं. विजेवरचा, टिलरला अडकवायचा सुटसुटीत पायलट छोट्या बोटवाल्यांच्या हातात आला तो १९७० च्या दशकात.

बंडोपंताची पहिली मोठी चूक खरं तर आमची होती. रेवसकडे जायचं होतं, आणि बोट सावकाश, शांतपणे, अगदी आत्मविश्वासाने उरणच्या दिशेने निघाली. होकायंत्र त्या डब्याच्या पोटातच. अर्धा तास आम्ही बटणं दाबत होतो. मग बायकोने बाकाखालून सुरमई तळायचा लोखंडी तवा काढला आणि बंडोपंताने मान वळवली. तवा आत, उरण. तवा बाहेर, रेवस. हा प्रयोग त्या दिवशी आम्ही चारदा केला.

खरी परीक्षा जानेवारी १९९७ मध्ये झाली. मुंबई ते गोवा सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, म्हणजे दक्षिणेला निघालेल्या बोटीच्या उजव्या खांद्यामागून. ऐकायला छान वाटतं, पण सुकाणूला याहून वाईट दिशा नाही. प्रत्येक लाट पिछाडी उचलून बोटीला तिरकं फिरवायला बघते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंडोपंत झुंजला. जयगडच्या बाहेर, रात्री नऊच्या सुमारास तो थांबला. मुठीने ठोकला, चालू झाला. पुन्हा थांबला, पुन्हा ठोकला. साडेनऊनंतर ठोकूनही उठला नाही. “बंडोपंत गेले,” सोबतचा मित्र म्हणाला. आदरार्थी बहुवचन त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं.

मग हाताने. रात्री होकायंत्राच्या हलत्या तबकडीकडे बघून बोट चालवली की अर्ध्या तासात डोकं गरगरतं. म्हणून तारा धरायचा. जानेवारीच्या अखेरीस रात्री पावणेअकराच्या सुमारास अगस्ती बरोबर दक्षिणेला येतो. आमचा मार्ग दक्षिणेपेक्षा जरा पूर्वेकडे कललेला, म्हणून अगस्ती डोलकाठीच्या थोडा उजवीकडे ठेवायचा. तो पश्चिमेकडे उतरायला लागला की दुसरा तारा शोधायचा. दोन-दोन तासांच्या पाळ्या केल्या. माझ्या पाळीत मित्र घोरत होता आणि मला बंडोपंताच्या कुरकुरीची आठवण येत होती.

पहाटे मतलई वारा सुटला, जमिनीवरून, म्हणजे डाव्या बाजूने आडवा. तेव्हा एक जुनी युक्ती कामाला आली. पुढच्या शिडाचा दोर कप्पीतून फिरवून टिलरला वाऱ्याच्या बाजूने बांधायचा आणि टिलरच्या दुसऱ्या बाजूला औषधाच्या दुकानात मिळते ती रबरी नळी ताणून बांधायची. बोट वाऱ्यात वर चढायला लागली की शिडावरचा ताण वाढतो, दोर टिलर ओढतो आणि नाक परत खाली येतं. ताण कमी झाला की रबर उलट ओढतं. वीज नको, मोटर नको. दोन तास खटपट करून जमवलं आणि पुढचे चार तास टिलरला हात लावला नाही. दुपारी वारा वायव्येला गेला आणि युक्ती संपली. पुन्हा हात. गोव्यात पोचलो तेव्हा हाताची बोटं टिलरच्या आकाराची झाली होती.

परत आल्यावर बंडोपंताला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक काका बसायचे. असली वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. “हे कशाचं?” “बोटीचं, काका. बोट वळवतं.” त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू काढून ओळीने काडेपेटीच्या झाकणात ठेवले आणि डबा उघडला. आत एक छोटी मोटर, दातेरी रबरी पट्टा, लांब आट्यांचा स्क्रू आणि हिरवट पडलेली सर्किटची पट्टी. मोटरच्या टोकाशी काळी भुकटी. “कार्बन संपला,” काका म्हणाले. मी मोठ्या हुशारीने विचारलं, मिक्सरचा ब्रश घासून बसेल का?

“मिक्सरचा नको साहेब. तो दोनशेतीस व्होल्टचा, नुसता कार्बन. बारा व्होल्टला तांबं मिसळलेला लागतो. गाडीच्या वायपरच्या मोटरचा घेऊन या.”

घेऊन आलो. काकांनी तो पॉलिशपेपरवर घासला, मापाला लावला, पुन्हा घासला. बोटं काळी झाली. बसला. बॅटरी लावली. घुंई. चाळीस रुपये घेतले आणि वर बजावलं, “पाणी कुठून जातं ते आधी बघा, नाहीतर परत येणार तुम्ही.” पाणी दांड्याभोवतीच्या रबरी कड्यातून जात होतं. कडं बदललं, वर सायकलच्या ट्यूबची बाही चढवली. बंडोपंत पुढे तेरा वर्षं चालला.

आताची बोट मोठी आहे, ३४ फुटांची, टिलरऐवजी चाक. पायलट डेकखाली, दृष्टिआड. वर फक्त पडदा. शिवाय एक संगणकाची पेटी, एक दिशा ओळखणारा सेन्सर, सुकाणूचा कोन सांगणारा आणखी एक, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या तारा. पाच वर्षांपूर्वी ही मंडळी रुसली. चालता चालता पडदा काळा व्हायचा, परत उजळायचा आणि मोटर सापडत नसल्याचं सांगायचा. तंत्रज्ञ आला. मुलगा चुणचुणीत, लॅपटॉप घेऊन. “सर, हे मॉडेल बंद झालंय. पेटी बदलली तर नव्या पेटीला जुना पडदा ओळखत नाही, सेन्सरही नाही. सगळा सेटच घ्यावा लागेल.” आकडा ऐकून मी खाली बसलो. त्या मुलाला मी दोष देत नाही. पेटी रेझिनमध्ये बुडवलेली, सर्किटचा नकाशा कंपनी देत नाही. उघडायचं काय आणि कुठे?

पण लॅमिंग्टन रोडचे काका डोक्यात बसलेले. मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. पायलटच्या पेटीपाशी, काम नसताना, तेवढेच. मग मित्राला चाक धरायला लावलं आणि मोटरला त्याच्याशी झुंजवलं. पेटीपाशी १०.३. मोटर दहा अँपिअर ओढते तेव्हा वाटेत एक पंचमांश ओहमचा अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच जिरतात, आणि संगणकाची पेटी उपाशी पडून मान टाकते. अडथळा सापडला बोटीच्या तळाशी: खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं भिजलेला एक जोड, पार हिरवा पडलेला. कलई केलेल्या तांब्याची जाड वायर आणली, मधला जोड काढूनच टाकला. ‘बंद झालेलं मॉडेल’ आणखी तीन हंगाम चाललं.

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी सेन्सर खरंच गेला. या वेळी मोजूनमापून खात्री केली आणि सगळा सेट बदलला. आता इथे गळा काढायचा म्हटलं तर खोटं बोलावं लागेल. वायव्येचा तोच वारा, त्याच तिरक्या लाटा. बंडोपंत बोटीला दोन्हीकडे वीस-वीस अंश भरकटू द्यायचा आणि मग धावाधाव करायचा. नवा पाच अंशांत धरतो. त्याला नुसती दिशा कळत नाही, बोट किती वेगाने वळतेय आणि किती कलतेय तेही कळतं. लाट बोटीला फिरवायच्या आत तो सुकाणू देतो. माझ्या सत्तरीत मला रात्रभर अगस्ती धरून बसायची हौस नाही.

तक्रार वेगळी आहे. नवा बोलत नाही. बंडोपंताची घुंई-घुंई वाढली की आम्ही आधी शिडाकडे बघायचो. मोठं शीड फार ताणलंय का? वारा वाढलाय, शीड आखडायला हवं का? दोर हातभर सैल सोडला की कुरकुर थांबायची. बोट तोललेली नाही हे तो त्याच्या कमकुवत मोटरमुळे सांगायचा, आणि ऐकलं नाही तर बसकण मारायचा. नव्याची मोटर दांडगी. आमची चूक तो मुकाट्याने पेलतो, बॅटरी पितो, सुकाणूचे सांधे झिजवतो, आणि वर आम्ही चहा पीत बसतो. पायलट फार लवकर जातात अशी ओरड करणाऱ्यांच्या बोटीवर मी जातो तेव्हा पहिल्यांदा पायलट बंद करतो आणि चाक सोडतो. बोट फर्रकन वाऱ्यात फिरली की दुखणं कुठे आहे ते कळतं.

जुन्यांना हे कळायचं कारण त्यांना गत्यंतर नव्हतं. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ मध्ये ‘स्प्रे’मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यात हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंतच्या २३ दिवसांच्या टप्प्यात तो सुकाणूवर सगळा मिळून तीन तासही बसला नाही. सुकाणू बांधून ठेवलेलं, शिडं तोललेली. आणि नॉक्स-जॉन्स्टनचा ‘ॲडमिरल’ ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडला तेव्हा पुढचा पॅसिफिक आणि अटलांटिक त्याने मुख्यतः शिडांच्या तोलावर काढला. १४ जून १९६८ ला फाल्मथहून निघालेला तो २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची, डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरलेली. आखातातल्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणत. आणि अरबीत सुहैल म्हणजे आपला अगस्ती. हे मला त्या जयगडच्या रात्री ठाऊक नव्हतं; असतं तर मित्राला उठवून सांगितलं असतं आणि शिव्या खाल्ल्या असत्या.

नॉक्स-जॉन्स्टनची ती सफर एका शर्यतीतली; तिच्याच आठवणीत आता गोल्डन ग्लोब शर्यत होते. विजेवरच्या ऑटोपायलटला तिथे बंदी. वाऱ्याचं पातं चालतं. २०२२ च्या शर्यतीत आपले निवृत्त नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची पाती मोडत गेली तेव्हा त्यांनी शौचालयाचा दरवाजा कापून नवं पातं केलं. २९ एप्रिल २०२३ ला ते दुसरे आले. माझ्या बोटीवरच्या नव्या पेटीला दरवाजा लावून काही उपयोग नाही.

बंडोपंताला परवा बारा व्होल्ट देऊन पाहिले. पट्ट्याचे दात झडलेत, त्यामुळे मोटर नुसतीच फिरते, दांडा हलत नाही. पण आवाज तोच. झेरॉक्स मशीनचे भाग विकणाऱ्याकडे त्या मापाचा पट्टा मिळतो, आणलाय. ऑक्टोबरात बोट पाण्यात जाईल तेव्हा तो त्याच खणात असेल, जोडीला दोन मीटर रबरी नळी. नव्या पायलटला अजून नाव नाही. त्याचा सेन्सर मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच बसवावा लागला, म्हणून तवा आता ॲल्युमिनियमचा आहे. सुरमई त्यात तशी होत नाही.