गुरुत्वाकर्षणाची कसोटी

थोर पुरुषाचा सिद्धांत पुनःपुन्हा पडताळून पाहणें म्हणजे त्याचा अनादर करणें, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. आइन्स्टाइनचें म्हणणें शंभर वर्षें टिकलें असतां शास्त्रज्ञ अजून त्याची परीक्षा कां घेत बसले आहेत, असें आमच्या घरांतील वडील मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जड वस्तूच्या सान्निध्यांत अवकाश व काल वक्र होतात, असें आइन्स्टाइननें १९१५ सालीं प्रतिपादन केलें. १९१९ च्या खग्रास ग्रहणांत सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वांकलेले आढळले व हें मत सर्वत्र गाजलें. परंतु सूर्याचें आकर्षण सौम्य. त्याच्या कडेस किरण वांकतो तो एका अंशाच्या सुमारें दोनहजाराव्या भागाइतका. सुखाच्या दिवसांत नीट वागणारा मनुष्य संकटांतहि तसाच वागेल कीं नाहीं, हें संकट आल्यावांचून कळत नाहीं. सिद्धांताचेंहि तसेंच आहे.

त्याला असें संकटस्थान म्हणजे कृष्णविवर. हंस तारकापुंजांतील ‘सिग्नस एक्स-१’ हें त्यांपैकीं एक प्रसिद्ध. २०२१ सालच्या मापनानुसार त्याचें वस्तुमान सुमारें २१ सूर्यांइतकें आहे. शेजारच्या ताऱ्याचें द्रव्य त्याच्याभोंवतीं चक्राकार फिरत आंत पडतें, अतिशय तापतें व तेथून क्ष-किरण निघतात. पृथ्वीचें वातावरण हे किरण अडवितें, म्हणून ते उपग्रहांवरून टिपावे लागतात. त्या चक्रांतील लोखंडाचे अणु सुमारें ६,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे ठराविक किरण फेंकतात. विवराच्या निकट निघालेल्या किरणाची शक्ति बाहेर येतांना घटते. फिरत्या द्रव्याच्या प्रचंड वेगाचाहि परिणाम होतो. यामुळें वर्णपटांतील बारीक रेषा रुंद व एका अंगाला पसरलेली दिसते. जपानच्या ‘आस्का’ उपग्रहानें एका दूरच्या दीर्घिकेंत टिपलेली अशी रेषा १९९५ सालीं प्रसिद्ध झाली.

रॉय कर या न्यूझीलंडच्या गणितज्ञानें १९६३ सालीं आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून फिरत्या कृष्णविवराचें गणित मांडलें. त्यावरून या रेषेचा आकार वर्तवितां येतो. दुसरा सिद्धांत खरा असेल, तर आकार निराळा येऊं शकतो. आजवर आइन्स्टाइनला खोटें पाडील असा निर्णायक पुरावा मिळालेला नाहीं. तथापि चक्राची जाडी किंवा मूळ क्ष-किरणांच्या उगमाचा आकार चुकीचा धरला, तर भलताच निष्कर्ष निघण्याचा संभव असतो. म्हणून अभ्यासक घाई करीत नाहींत.

या कामीं आपलीं माणसेंहि मागें नाहींत. २०१५ सालीं सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहाचीं क्ष-किरणयंत्रें घडविण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वांटा होता. पुण्याच्या ‘आयुका’चाहि हातभार लागला. त्या ‘आयुका’चे संस्थापक जयंत नारळीकर यांनीं तर फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ सालीं गुरुत्वाकर्षणाचा निराळा सिद्धांतच मांडला होता. यांत आइन्स्टाइनचा अवमान कोठें झाला?

घरांत मूल ‘हें कशावरून?’ असें विचारूं लागलें, म्हणजे त्यास गप्प बसवूं नये, असें आम्हांस वाटतें. जें खरें आहे तें अशा प्रश्नानें मोडत नाहीं. आणि मोडलेंच, तर तें लवकर कळलेलें बरें.